बोट पडद्यावर, भार खांद्यावर

ओपीडीची गर्दी ओसरत आली होती. साधारण पंचेचाळिशीच्या एक ताई समोर येऊन बसल्या. जळगावातल्या एका कर सल्लागाराकडे त्या हिशेबाचे काम करतात आणि बरेचसे काम घरूनच करतात. उजवा खांदा दोन महिन्यांपासून दुखत होता. केस विंचरताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ यायची. रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नव्हते. पडल्या नव्हत्या, मार लागला नव्हता. नवीन काही काम सुरू केले का, असे विचारले तेव्हा त्यांनी आधी मान हलवली. मग थोडे थांबून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मुलाने टचस्क्रीनचा मॉनिटर आणून दिलाय. पुण्याला असतो तो. म्हणाला, आई, माउसची कटकट सोड, मोबाइलसारखं बोटानेच काम कर. त्याचा काही संबंध नसेल ना?"

तपासले. हात बाजूने वर उचलताना सुरुवातीला त्रास नव्हता. खांद्याच्या पातळीजवळ हात आला की चेहरा आक्रसायचा आणि पुढे पूर्ण वर गेला की पुन्हा बरे वाटायचे. खांद्याच्या सांध्यावरून जाणारा स्नायूचा दोर हाडाखाली घासला जात असेल, तर असे दुखते. संबंध होता.

जाताना त्यांनी विचारले, "मग आता हा मॉनिटर वापरू की विकून टाकू?" (ओळख पटू नये म्हणून या लेखातल्या रुग्णांचे तपशील थोडे बदलले आहेत.) हा प्रश्न वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात नाही. पण हल्ली तो अनेक घरांत आणि दुकानांत पडतो आहे. टचचा मॉनिटर साध्या मॉनिटरच्या साधारण दुप्पट किंवा त्याहूनही जास्त किमतीला मिळतो. जास्तीचे पैसे देऊन खांदेदुखी तर विकत घेत नाही ना, हे आधी तपासलेले बरे.

सवय मोबाइलने लावली

बोटाने पडदा चालवायची सवय आता आपल्या हाडीमाशी भिनली आहे. बँकेचे एटीएम, रेल्वेचे तिकीट यंत्र, हॉटेलच्या गल्ल्यावरचे बिलिंग मशीन, सगळीकडे बोट लावायचे. घरातली लहान मुले तर टीव्हीच्या पडद्यावरही बोट फिरवून बघतात. मग टेबलावरचा संगणकच मागे का राहावा, असे वाटणे साहजिक आहे.

हा विचार नवा नाही. बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना ई. ए. जॉन्सन या ब्रिटिश अभियंत्याने १९६५ मध्ये मांडली होती, तीही विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी. १९८३ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने एचपी-१५० हा टचचा टेबल-संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्याभोवती बारीक छिद्रे होती, त्यांतून अदृश्य किरण जात. त्या छिद्रांत धूळ साचे आणि ती साफ करावी लागे. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ आणले. ते बोटाने वापरता यावे अशाच बेताने बनवले होते. नेहमीचे स्टार्ट बटण गायब झाल्याने लोक वैतागले आणि कंपनीला पुढच्या आवृत्त्यांत माघार घ्यावी लागली. त्याआधी २०१० मध्ये अॅपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी, उभ्या पडद्याला बोट लावत राहिले की थोड्या वेळाने हात गळून येतो, म्हणून आम्ही तसा संगणक करत नाही, असे जाहीरपणे सांगितले होते.

मोबाइलवर जे इतके सोपे वाटते, ते टेबलावर पुन्हा पुन्हा का अडखळते? याचे उत्तर आपल्या शरीरातच आहे.

मोकळा हात किती जड?

एक साधा प्रयोग करा. खुर्चीवर ताठ बसा. उजवा हात समोर सरळ करून, भिंतीवरच्या कॅलेंडरला बोट लावल्यासारखा धरून ठेवा. पहिले अर्धे मिनिट काही वाटत नाही. मिनिटभराने खांदा जड होऊ लागतो. आणखी थोड्या वेळाने हात आपोआप खाली येऊ पाहतो. आणि हातात काहीही नसताना ही स्थिती!

आपल्या एका हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के असते. ६० किलोच्या माणसाचा हात म्हणजे ३ किलो. तो समोर धरला की हे वजन खांद्यापासून साधारण ३० सेंटीमीटरवर लोंबते. त्याला तोलून धरणारा स्नायू मात्र सांध्याच्या अगदी जवळ, जेमतेम ३ सेंटीमीटरवर ओढ लावतो. तरफेचा हिशेब शाळेत शिकलो होतो, तोच इथे लागू होतो. ३ किलोचा हात धरून ठेवायला स्नायूला जवळपास ८ ते १० पट जोर लावावा लागतो.

हा जोर कसा लावला जातो, हेही महत्त्वाचे आहे. डोक्यावर हंडा घेऊन शेतातून चालत येणारी बाई लवकर थकत नाही. तिलाच हात समोर ताणून पाण्याने भरलेला तांब्या धरायला सांगा, दोन मिनिटांत ती तो खाली ठेवेल. हालचाल करताना स्नायू आवळतो आणि सैल होतो, त्यामुळे रक्त खेळते राहते. एकाच जागी ताणून धरलेला स्नायू आपल्याच आतल्या रक्तवाहिन्या दाबतो. ताजे रक्त कमी येते, थकवा साचत जातो. वॉल्टर रोमर्ट या जर्मन संशोधकाने १९६० मध्ये यावर काम केले. कमाल ताकदीच्या साधारण १५ टक्क्यांहून जास्त जोर सतत लावावा लागला, तर स्नायू ठरावीक वेळातच हार मानतो, असे त्यांना दिसले. पुढच्या अभ्यासांनी ही मर्यादा आणखी खाली आणली.

माउस वापरताना काय होते? कोपर खुर्चीच्या हातावर, मनगट टेबलावर. हाताचे वजन लाकूड पेलते, खांदा नाही. टचस्क्रीनवर तेच वजन दर वेळी खांदा उचलतो. मिनिटाला दोनच वेळा बोट लावले, तरी सहा तासांत ७२० वेळा हात वर जातो. या थकव्याला संगणक क्षेत्रातल्या लोकांनी 'गोरिला आर्म' असे नावही देऊन ठेवले आहे.

डोळ्याला दूर हवा, हाताला जवळ

खांद्याइतकाच दुसरा पेच डोळ्यांचा आहे आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे.

डोळ्यांना आणि मानेला आराम हवा असेल तर मॉनिटर हातभर अंतरावर, म्हणजे ५० ते ७० सेंटीमीटरवर हवा. त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली हवी आणि पडदा जवळपास उभा हवा. बोटाला मात्र याच्या अगदी उलटे हवे असते. कोपर अंगाजवळ ठेवून बोट टेकवायचे तर पडदा जवळ हवा, खाली हवा आणि वहीसारखा कललेला हवा. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात १९९० च्या सुमारास अँड्र्यू सिअर्स यांनी टचचा पडदा वेगवेगळ्या कोनांत ठेवून पाहिला. टेबलापासून फक्त ३० अंश उचललेला पडदा लोकांना कमी थकवणारा वाटला. पण अशा पडद्याकडे सहा तास बघायचे, तर मान सहा तास खाली वाकलेली राहते.

म्हणजे डोळ्याचे ऐकावे तर खांदा रुसतो आणि हाताचे ऐकावे तर मान रुसते. मोबाइलमध्ये हे भांडण दिसत नाही, कारण तो आपण हवा तसा हातात फिरवतो. टेबलावरचा मॉनिटर जागचा हलत नाही.

चाळिशीनंतर यात चष्म्याची भर पडते. जवळचे दिसायला वेगळा नंबर लागतो. बायफोकल चष्मा असेल तर खालच्या भागातून बघण्यासाठी माणूस हनुवटी वर करतो, मान मागे टाकतो आणि त्याच स्थितीत हात पुढे करून बोट लावतो. मान आणि खांदा एकदमच धरले जातात. आमच्या ताईंचे असेच होत होते.

बोट जाड, चौकट बारीक

टचचे पडदे आपला स्पर्श ओळखतात तो शरीरातून वीज वाहू शकते म्हणून. घरी गंमत करून बघा. लाकडी पेन्सिलीने मोबाइलचा पडदा हलत नाही, पण आपल्या रावेर-यावलचे केळे लावले तर हलतो! केळ्यात पाणी आणि क्षार असतात, त्यामुळे यंत्राला ते बोटासारखेच वाटते. याच कारणाने घामाचा किंवा पाण्याचा थेंबही कधी कधी पडद्याला बोट वाटतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ओल्या बोटांनी हिशेब करताना भलताच आकडा दाबला गेला, तर नवल नाही.

कोरड्या बोटालाही मर्यादा आहेत. बोट अचूक पडायचे तर पडद्यावरचे बटण साधारण ९ ते १० मिलिमीटरचे हवे. एक्सेलच्या तक्त्यातली नेहमीची ओळ जेमतेम ५ मिलिमीटर उंच असते. मग माणूस पुढे वाकतो, नेम धरतो, चुकतो आणि पुन्हा दाबतो. माउसचा बाण केसाएवढ्या जागेवरही अचूक ठेवता येतो. हिशेब, नोंदी, नकाशे अशा बारीक कामात टच म्हणजे जाड खडूने सातबारा लिहिण्यासारखे आहे.

मराठी टायपिंगचेही तेच. पडद्यावरच्या कीबोर्डवर दोन्ही हात अधांतरी असतात, बोटाला कळ दाबल्याचे कळत नाही म्हणून नजर सतत कीबोर्डवर राहते आणि अर्धा पडदाही झाकला जातो. चार ओळींसाठी ठीक, चार पानांसाठी नाही.

शिवाय टचचे बरेचसे पडदे काचेसारखे चकाकतात. बोटांचे तेलकट ठसे आणि समोरच्या खिडकीतले ऊन एकत्र आले की अक्षरे पुसट होतात. डोळे ताणून बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. एकच मॉनिटर अनेक जण वापरत असतील, तर तो रोज पुसायला हवा. त्यावर खोकून हाताळलेले आणि नाकाला लावलेले बोटच फिरत असते.

टच कुठे शोभतो?

इतके वाचून टचस्क्रीन वाईटच, असे समजू नका. आमच्या दवाखान्यात ती पदोपदी आहे. सोनोग्राफीच्या नव्या यंत्राकडे नीट बघा. त्याला बऱ्याचदा दोन पडदे असतात. प्रतिमा दाखवणारा मोठा पडदा डोळ्यांसमोर उभा, तर बोटाने चालवायचा लहान पडदा खाली, पोटाच्या उंचीवर, तिरका. त्याच्या शेजारी फिरवायचे खटके आणि गोळाही असतोच. व्हेंटिलेटरवर टचसोबत अनेकदा फिरवायची कळ दिलेली असते, कारण घाईत, हातमोजे घालून नेमका आकडा लावायला तीच खात्रीची. यंत्र बनवणाऱ्यांनी डोळा आणि हात यांचे भांडण दोघांना वेगवेगळी जागा देऊन मिटवले आहे.

उभ्याने, थोडा वेळ, मोठ्या बटणांवर करायच्या कामाला टचसारखे दुसरे साधन नाही. हॉटेलचा गल्ला, सराफी पेढीतले बिल, दवाखान्यातला टोकन, रेल्वेचे तिकीट ही सगळी अशीच कामे. अर्ध्या मिनिटात काम होते आणि हात खाली येतो.

काही माणसांना तर टच वरदान ठरतो. अर्धांगवायूनंतर ज्यांना माउस धरता येत नाही, संधिवाताने ज्यांची बोटे वाकली आहेत, ज्यांना डबल क्लिकचा ताल जमत नाही, त्यांना मोठ्या अक्षरांचा टचचा पडदा पुन्हा जगाशी जोडतो. लहान मुलांना चित्रे काढायला आणि शिक्षकांना फळ्यासारखे वापरायलाही तो चांगला.

दोष नेहमी मॉनिटरचाच नसतो

आता एक सावधगिरीची गोष्ट. धुळ्याला नोकरीत असताना एक नाना आले होते. "मना खांदा दुखस, डॉक्टरसाहेब," म्हणाले आणि लगेच निदानही त्यांनीच सांगितले. दुकानात नवा संगणक घेतल्यापासून दुखतो, म्हणजे संगणकामुळेच. सहा महिने ते मलम चोळत होते, खुर्ची बदलली होती, टेबल बदलले होते.

मी त्यांचे कोपर बरगडीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवायचा प्रयत्न केला. हात वळेचना. त्यांनाही वळवता येईना आणि मलाही. नुसता स्नायू दुखत असेल तर दुसऱ्याने हळूच वळवल्यावर हात बऱ्यापैकी वळतो. इथे सांध्याचे आवरणच आखडले होते. यालाच फ्रोझन शोल्डर म्हणतात. मधुमेह असलेल्या शंभरातल्या दहा ते वीस जणांना हा त्रास होतो, इतरांपेक्षा कितीतरी जास्त. रक्त तपासले. उपाशीपोटी साखर २०० च्या वर निघाली. १२६ किंवा त्याहून जास्त आकडा दोनदा आला की मधुमेह समजतात. नानांना त्याचा पत्ताच नव्हता. संगणकाला दोष देण्यात सहा महिने गेले आणि तेवढा काळ साखर आतल्या आत डोळे, मूत्रपिंडे आणि नसांना त्रास देत राहिली.

म्हणून चाळिशीनंतर खांदा आखडला तर साखर तपासाच. चालताना किंवा जिना चढताना खांदा, हात, जबडा भरून येत असेल, सोबत घाम किंवा धाप असेल, तर ते हृदयाचे असू शकते. तेव्हा ओपीडीची वाट न पाहता तातडीने दवाखाना गाठा. हातातली ताकद कमी होणे, मुंग्या येणे, ताप किंवा वजन घटणे यांतले काही असेल, तरीही मॉनिटरला बोल लावत घरी बसू नका.

मग घ्यावा की नाही?

दिवसातून तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ खुर्चीत बसून टायपिंग, हिशेब किंवा नोंदींचे काम असेल, तर टचच्या मॉनिटरवर जास्तीचे पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे. त्याच पैशात कोपर टेकता येईल अशी खुर्ची, चांगला कीबोर्ड, हाताच्या मापाचा माउस आणि साधा पण चकाकी नसलेला मॉनिटर घ्या. माउसचा कंटाळा असेल तर कीबोर्डचे शॉर्टकट शिका. हात हलवावाच लागत नाही.

मॉनिटर आधीच घेतला असेल तर तो फेकायचीही गरज नाही. एवढे करा:

• मॉनिटर डोळ्यांना सोयीच्या जागी ठेवा आणि मुख्य काम कीबोर्ड-माउसनेच करा. टच फक्त पान सरकवणे, फोटो मोठा करणे, सही करणे यापुरता.

• बोटाने जास्त काम असेल तेवढ्या वेळापुरता पडदा जवळ ओढा, खाली घ्या, तिरका करा. काम झाले की परत जागेवर.

• बोट लावताना कोपर टेबलावर टेकवा. जमेल तेव्हा हात बदला.

• बटणे आणि अक्षरे सेटिंगमधून मोठी करा. खिडकी समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला असू द्या.

• दर अर्ध्या तासाने उठा, खांदे गोल फिरवा, लांबचे झाड बघा.

• पडदा पुसताना आधी बंद करा. मऊ कापड किंचित ओले करून पुसा. पाणी थेट काचेवर शिंपडू नका.

• संगणकासाठी वेगळा चष्मा लागतो का, हे चाळिशीनंतर नेत्रतज्ज्ञांना विचारा.

आमच्या ताईंना काही दिवस वेदनाशामक गोळ्या दिल्या, फिजिओथेरपिस्टकडे पाठवले आणि माउस पुन्हा हातात दिला. साखर तपासली, ती ठीक होती. दीड महिन्याने त्या दाखवायला आल्या तेव्हा हात सहज डोक्यावर नेऊन वेणी बांधता येत होती. मॉनिटरचे काय केले, असे मी विचारले.

"विकला नाही, डॉक्टरसाहेब. मुलाने हौसेने दिलेला, त्याला वाईट वाटलं असतं. सासऱ्यांच्या खोलीत ठेवलाय. त्यांना माउस कधी जमलाच नाही. आता सकाळी स्वतःच बोटाने पेपर मोठा करून वाचतात. अर्धा तास वाचतात आणि झोपतात."

अर्ध्या तासाला हरकत नाही, असे मी सांगितले.